पोर्टेबल पंप सारखं पाणी सोडतोय? इंजिन खोलायच्या आधी सक्शन बघा

फेब्रुवारी-मार्च लागला की एकच तक्रार चारी बाजूंनी ऐकू यायला लागते. इंजिन झकास चालू होतंय, आवाज बरोबर आहे, धूर नाही, पण पाणी येत नाही. किंवा येतं, पाच-दहा मिनिटं चांगली धार पडते, मग तुटक तुटक व्हायला लागते, फुस्स फुस्स हवा येते आणि बंद. परत बूच काढा, पाणी भरा, दोरी ओढा, परत तेच. शेवटी माणूस वैतागून पंप गाडीवर टाकतो, गॅरेजला नेतो, तिथं प्लग बदलतात, कार्बोरेटर धुतात, पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यावर पंप पुन्हा तसाच.

मी बोलतोय ते दोन इंची, तीन इंची पेट्रोल पंपाबद्दल, हँडलला धरून उचलून नेता येतो तो. लाइट रात्रीची असते, ओढ्यावर पोल नसतो, शेततळं लांब असतं, म्हणून हा पंप घेतलेला असतो आणि ऐन पाण्याच्या पाळीला तो दगा देतो. गॅरेजमध्ये इंजिन तपासलं जातं, कारण तिथं दुसरं काही तपासता येतच नाही, पाईप तर शेतातच राहिलेला असतो. आणि ज्या पंपाचं इंजिन नीट फिरतंय पण पाणी टिकत नाही त्याचा दोष बहुतेक वेळा पाण्याकडच्या पाईपातच, म्हणजे सक्शनमध्ये असतो, फुटव्हॉल्व्हपासून (पाण्यातल्या टोकाला लावलेली, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) पंपाच्या तोंडापर्यंतच्या भागात कुठेतरी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पंप पाणी खेचत नाही. पंप आतली हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला पाईपातून वर ढकलतो. त्यामुळे समुद्रसपाटीला कितीही भारी पंप लावला तरी पाणी १०.३ मीटरच्या वर येऊच शकत नाही, हे हवेचं गणित आहे, कंपनीचं नाही. प्रत्यक्षात पाईपाचं घर्षण, बेंड, फुटव्हॉल्व्ह धरून सात-साडेसात मीटर, म्हणजे २३-२५ फूट, ही हद्द समजा, आणि पंप रोज निवांत चालायला हवा असेल तर १५-१६ फुटांच्या आत ठेवा. ही उंची मोजायची ती पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या तोंडापर्यंत सरळ उभी, पाईप किती लांब आहे ते नाही, पण पाईप खूप लांब असला तर घर्षणाने त्यातूनही वजा होतंच.

महाबळेश्वर-पाचगणीकडं स्ट्रॉबेरीवाल्यांना हा हिशोब अजून कडक पडतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर, तिथं हवा विरळ, त्यामुळे हीच हद्द जवळजवळ दीड मीटरने खाली येते, म्हणजे पाच फूट गेलेच. वर इंजिनची ताकदसुद्धा दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. वाईत चाललेला पंप वर नेल्यावर कमी पाणी देतो म्हणून त्यात बिघाड शोधत बसू नका.

आता सक्शनची गळती एवढी चकवते का, तर ती चालू पंपात दिसत नाही. डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या बाजूला पाईप फुटला तर पिचकारी उडते, लगेच कळतं. सक्शनमध्ये आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, तिथं चीर असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. उसाच्या रसाच्या ग्लासातली नळी चिरलेली असली की कसं नुसती हवाच तोंडात येते, तसंच. त्यामुळे लोक चालू पंपाचा पाईप हाताने चाचपतात, कोरडा लागतो, म्हणतात पाईप चांगला आहे. खरी तपासणी पंप बंद असताना होते. फुटव्हॉल्व्ह लावलेला असेल तर सक्शन पाईप पंपापासून सोडा, तोंड वर बांधून काठोकाठ पाण्याने भरा, तोंड उघडंच ठेवा आणि थांबा. आता आतलं पाणी बाहेर जोर करतंय, जिथं चीर आहे तिथं थेंब दिसेल. शक्य असेल तर रात्रभर ठेवा. सकाळी पातळी तशीच असेल तर पाईप आणि फुटव्हॉल्व्ह दोन्ही पास. पातळी उतरली आणि पाईप बाहेरून कुठंच ओला नाही, म्हणजे पाणी खालून गेलं, फुटव्हॉल्व्ह गळतोय. बाहेरून ओलं दिसलं तर तिथंच तुमचा चोर.

फुटव्हॉल्व्ह न लावता नुसती जाळी लावून पंप चालवणारे खूप आहेत, सेल्फ प्रायमिंग पंपाला ते चालतंही. त्यांनी वेगळी युक्ती करावी. सक्शन पाईप पंपापासून सोडा, पंपात पाणी भरा, इंजिन अगदी कमी रेसवर चालू करा आणि पंपाच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा जाड तुकडा धरा, उघडा तळहात किंवा बोटं लावायची नाहीत. ट्यूब घट्ट चिकटून बसली तर पंप त्याचं काम करतोय, दोष पाईपातच. चिकटलीच नाही किंवा चिकटून सुटते, तर मग पंप खोलायचा. हे अर्ध्या मिनिटात उरकायचं, पाण्याविना जास्त वेळ फिरवायचं नाही, का ते खाली येईलच.

सेल्फ प्रायमिंगवरनं एक मोठा गैरसमज आहे, लोकांना वाटतं पाणी न भरता पंप आपोआप उचलेल. तसं नसतं. केसिंग (पंपाची बाहेरची पोकळ बॉडी) पाण्याने भरलेलं पाहिजेच, त्या पाण्यात हवा घुसळून तो हवा बाहेर टाकतो, आणि सक्शन पाईपमधली हवा संपायला दीड-दोन मिनिटं लागू शकतात. दहा सेकंदात पाणी आलं नाही म्हणून बंद करून परत भरणारे परत पहिल्यापासून सुरुवात करत असतात. पाणी भरा, बूच घट्ट लावा, बुचाचा वायसर बघा (तो चपटा झालेला असेल तर तिथूनही हवा जाते), रेस द्या आणि थांबा. तीन मिनिटं झाली तरी काहीच नाही तर बंद करा आणि कारण शोधा.

सांध्यावर हवा कुठून जातेय ते चालू पंपात शोधायचं असेल तर दाढीचा फेस घ्या, किंवा साबणाचा घट्ट फेस, प्रत्येक जोडावर थापा. जिथं फेस आत ओढला जाऊन खड्डा पडतो तिथं चीर आहे. पाईप आणि नोझलच्या जोडावर बहुतेक वेळा सापडतं. तिथं बाइंडिंग तार पिळून बांधलेली असते, तार दोन बाजूंनी दाबते आणि पिळाजवळ फट सोडते, त्यामुळे तार काढून टाका आणि चांगले दोन क्लॅम्प लावा, एकाचा स्क्रू इकडं, दुसऱ्याचा बरोबर उलट्या बाजूला. पाईप बसवायच्या आधी टोक दोन इंच कापून टाका, टोक रोज काढघाल करून सैल झालेलं असतं. कपलिंगमधला रबरी वायसर पाच-दहा रुपयाला मिळतो, तो दर हंगामाला नवीन टाका आणि हलकं ग्रीस लावा. एवढ्यावरच निम्म्याहून जास्त पंप ठीक होतात असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर पाईप. उन्हात पडलेला हिरवा सक्शन पाईप दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतो आणि आतल्या वेटोळ्याला लागून बारीक चिरा पडतात, हाताने वाकवून उजेडात बघितलं की दिसतात. चीर मधे असेल तर तेवढा तुकडा कापून जोड द्यायचा मोह होतो, पण प्रत्येक नवीन जोड म्हणजे हवा जायची नवीन जागा, त्यापेक्षा पाईप बदला, आणि बदलताना तोंडाच्या मापाचाच घ्या, दोन इंचाला दीड इंची सक्शन लावला तर पंप उपाशीच राहणार. डिलिव्हरीचा चपटा मऊ पाईप सक्शनला तर कधीच लावू नका, तो आत चिकटून बसतो. आणि पाईप टाकताना तो पाण्यापासून पंपापर्यंत चढताच राहिला पाहिजे. बांधावरून वर नेऊन परत खाली पंपाला जोडला की त्या उंच कमानीत हवा अडकते आणि पंप दर थोड्या वेळाने पाणी सोडतो. ही चूक बाहेरून अजिबात दिसत नाही, सगळं नवीन असतं तरी त्रास होतो, आणि उपाय फुकट आहे, पंप बांधाच्या वर उचलून ठेवा.

पाण्यातल्या टोकाचं बोलायचं तर दोन गोष्टी. एक, जाळी तळाशी चिखलात टेकू देऊ नका, ती एका जुन्या प्लास्टिकच्या टोपलीत ठेवा म्हणजे पानं, शेवाळ, गुटख्याच्या पुड्या टोपलीलाच अडकतात. दुसरी, ती पृष्ठभागाच्या फार जवळही नको. वर किमान फूटभर पाणी पाहिजे, नाहीतर भोवरा होतो आणि भोवऱ्यातून हवा थेट जाळीत शिरते. ओढ्याचं पाणी आटत जातं, सकाळी फूटभर असतं आणि दुपारी सहा इंच, मग दुपारी पंप पाणी सोडतो आणि लोक इंजिन गरम झालं म्हणतात. अशा जागी थोडा खड्डा करून त्यात टोपली ठेवा. शेततळ्यात उलट, तिथं ट्यूबला बांधून जाळी तरंगती ठेवली, ट्यूबच्या खाली दीड-दोन फूट लोंबती, तर गाळही येत नाही आणि तळाचा प्लास्टिक कागदही ओढला जात नाही. कागद जाळीला चिकटून फाटला तर पंपापेक्षा मोठं नुकसान आहे ते.

हे सगळं बरोबर असून ट्यूबची परीक्षा नापास झाली असेल तर पंपाच्या तोंडाच्या आत एक रबरी झडप असते ती बघा. पंप चिखलाचं पाणी ओढून तसाच ठेवला की झडपेवर माती वाळते आणि ती नीट बसत नाही, मग पंप थांबवला की केसिंगमधलं पाणी सक्शनमधून खाली जातं आणि प्रत्येक वेळी नव्याने भरावं लागतं. चार नट काढून धुतली की झालं. झडप वाकडी किंवा फुगलेली असेल तर बदला.

मग राहतो सील. इंजिनचा शाफ्ट जिथं पंपात शिरतो तिथं मेकॅनिकल सील असतो, कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यांना थंड ठेवतं ते पाणी. पाण्याशिवाय पंप फिरवला की थोड्याच वेळात त्या तापून तडकतात. पंप आणि इंजिनच्या मधल्या फटीतून थेंब थेंब पाणी गळायला लागलं की समजा सील गेला, तिथूनही हवा आत जाते आणि पाणी इंजिनच्या बाजूला उडतं. सील घेताना जुना काढून नेऊन माप जुळवूनच घ्या, आणि बसवताना चकत्यांना तेलकट बोटं लावू नका, स्वच्छ पाण्याने ओले करून बसवा. डिलिव्हरीचा कॉक बंद ठेवून पंप फिरवला तरी आतलं पाणी उकळायला येऊन सीलचं तेच होतं. त्यामुळे "कॉक बंद करून ठेव, मी वाफा बदलून येतो" हे बंद करा, इंजिनची रेस कमी करा किंवा पाणी तात्पुरतं दुसरीकडं सोडा.

सक्शन भरलेलं आहे, हवेचे बुडबुडे नाहीत, तरी धार मंद आहे, असं असेल तर इंपेलरमध्ये (पंपातलं फिरतं पात्यांचं चाक) खडा अडकलाय का, पाती झिजलीत का बघा. साध्या पंपाला स्वच्छ पाणी लागतं, राड्यारोड्यासाठी ट्रॅश पंप वेगळा येतो. कोकणात खाऱ्या पाण्यासाठी साधा अॅल्युमिनियमचा पंप वापरतात आणि तो वर्षात पोखरतो, त्याला प्लास्टिक बॉडीचा पंप लागतो. आणि खताचं पाणी, जीवामृत काहीही ओढलं असेल तर शेवटी पाच मिनिटं स्वच्छ पाणी ओढून घ्या.

आता जे सांगायचंय त्यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसलो. एप्रिल-मे मध्ये विहिरीचं पाणी २५-३० फुटांवर जातं, पंप उचलत नाही, वर सांगितलेलं हवेचं गणित आडवं येतं, आणि मग कुणीतरी म्हणतं इंजिन खाली पायरीवर उतरवू, म्हणजे पाणी जवळ येईल. दोरीने पंप उतरवतात आणि दोरी ओढायला माणूस खाली जातो. हे करू नका. कुणाच्याही सांगण्यावरून, पाच मिनिटांसाठीही करू नका. विहीर उपसताना, गाळ काढताना आपल्याकडं जी माणसं जीवानिशी जातात त्यांत एक गेला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, असं एकाच घरातले दोन-तीन जण जातात. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. विहिरीत वारा नाही, तो वर जात नाही, तिथंच साठतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातली ताकद जाते, आणि तोपर्यंत शिडी चढायची शक्ती राहिलेली नसते. इंजिन बंद केल्यावरसुद्धा तो आतच असतो.

कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, जळत राहिला तर उतरायचं. त्या रीतीने एवढंच कळतं की ऑक्सिजन फार कमी झालेला नाही. माणूस मरेल एवढा कार्बन मोनॉक्साइड असला तरी कंदील जळतच राहतो. म्हणून इंजिन चाललेल्या विहिरीत कंदिलाच्या भरवशावर उतरू नका. कुणी आत पडलाच तर मागोमाग उडी घ्यायची नाही, कितीही जवळचा असला तरी. १०१ ला अग्निशमन, ११२ किंवा १०८ ला फोन करा, हवेचा सिलेंडर पाठीवर घेतलेला माणूसच खाली जाऊ शकतो. मुकादमाने, मालकाने मजुराला हे आधी सांगितलं पाहिजे, त्याला माहीत असेल असं धरून चालू नका.

पाणी खोल गेलं तर उपाय आहेत. ओपनवेल सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी विजेची मोटर) दोरीने खाली सोडा, ती पाणी खालून वर ढकलते, तिला १०.३ मीटरची आडकाठी नाही, लाइट नसेल तर जनरेटर वर, विहिरीपासून लांब, वारा विहिरीकडं नेणार नाही अशा बाजूला. हंगामापुरती भाड्याने पण मिळते. फक्त लाइनला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) पाहिजे आणि पंप चालू असताना पाण्यात कुणी उतरायचं नाही.

हीच गोष्ट तळघराला लागू. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला, २०२१ च्या जुलैत चिपळूणला घरा-दुकानांत पाणी शिरलं, तशा वेळी पेट्रोल पंप आणून उपसायची घाई असते. इंजिन बाहेर रस्त्यावर ठेवा आणि फक्त पाईप आत सोडा, दरवाजा-खिडकीच्या तोंडाशीही नको. आणि आत पाय टाकायच्या आधी मेन स्विच बंद करून घ्या, मेन स्विचच पाण्यात असेल तर वीजवाल्यांना बोलवा.

इंजिनचं थोडक्यात सांगतो, कारण काही वेळा पाण्याऐवजी इंजिनच बंद पडतं आणि तेही सारखं सारखं. अर्ध्या तासाने बंद, थोड्या वेळाने परत चालू, असं असेल तर पेट्रोल टाकीचं झाकण थोडं सैल करून बघा, चालू राहिलं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तपासणी झाली की भोक साफ करून झाकण नीट लावा, सैल ठेवून चालवायचं नाही. नदीच्या उतारावर ठेवल्यावर बंद पडतंय किंवा चालूच होत नाही, तर ऑइलचा सेन्सर आहे, इंजिन वाकडं असल्यामुळे त्याला ऑइल कमी वाटतं, सपाट जागा करून ठेवा. ती वायर तोडून टाकणारे मेकॅनिक आहेत, तसं करू देऊ नका, ऑइल संपलं तर इंजिन वाचवणारी तेवढीच एक गोष्ट आहे. ऑइल पहिल्यांदा २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला, होंडाच्या जीएक्स १६० सारख्या इंजिनात ते अर्ध्या लिटरपेक्षा थोडंसं जास्त बसतं, जास्तीचं ओतू नका.

पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, सायलेन्सर थंड झाल्यावर. बाटलीतून ओतताना चार थेंब तापल्या सायलेन्सरवर पडले तर भडका तिथंच उडतो, आणि पाण्याच्या पाळीच्या घाईत नेमकं हेच होतं.

पावसाळ्यात पंप कोपऱ्यात ठेवायचा असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या (पंपात पाणी ठेवून), कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून राहिलेलं पेट्रोल काढा आणि टाकीही रिकामी करा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतली ओल धरतं, पावसाळ्याभर टाकीत राहिलं की खाली पाण्याचा थर बसतो, कार्बोरेटरला हिरवट-पांढरी पूड धरते आणि दिवाळीनंतर दोरी ओढून ओढून खांदा जातो. केसिंगच्या खालचं बूच उघडून पाणी सांडून टाका, सक्शन पाईप सावलीत मोठं वेटोळं करून टांगा, आणि जुना वायसर काढून तिथं नवीन आत्ताच लावून ठेवा, नाहीतर ऐन पाळीच्या दिवशी तालुक्याला पळावं लागतं.